सरपंचाला एक माप, आमदाराला दुसरं: दोन कायदे शेजारीशेजारी ठेवून

पांदणवाट

राम राम मंडळी. सरपंच अपात्र झाला की चार दिवस पारावर तोच विषय. कोणी पाडलं, अर्ज कोणाचा होता, पोटनिवडणूक कधी लागते. पण ज्या चुकीपायी त्याचं पद गेलं तीच चूक आमदाराच्या हातून झाली असती तर काय झालं असतं, हे कोणी विचारत नाही. त्यासाठी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चं कलम १४ आणि लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ ची कलमं ८ ते १०-अ एकाच टेबलावर उघडावी लागतात. तेच इथे करतोय. पक्ष कोणताही आणू नका, कलमांवर बोलू.

शिक्षा. ग्रामपंचायत कायद्यात सहा महिने किंवा त्याहून जास्त कैद झाली की सदस्यत्व जातं आणि सुटकेनंतर पाच वर्षं उभं राहता येत नाही. आमदाराला ही रेषा दोन वर्षांची. एकाच भांडणात, एकाच कलमाखाली दोघांनाही एक वर्षाची कैद झाली तर सरपंच घरी जातो, आमदार सभागृहात बसतो.

ठेका. कलम १४(१)(ग) म्हणतं, पंचायतीच्या कामात किंवा करारात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हितसंबंध असला की अपात्र. आमदारासाठी कलम ९-अ आहे. त्यात करार त्याने स्वतः, स्वतःच्या धंद्यात, सरकारशी केलेला आणि अजून चालू असलेला लागतो. काम पूर्ण झालं आणि फक्त बिल बाकी आहे, तर करार चालू नाही असं धरतात. ‘अप्रत्यक्ष’ हा शब्दच तिथे नाही.

घरपट्टी. रीतसर बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर १४(१)(ह) प्रमाणे सदस्य अपात्र. आमदाराने सरकारी देणी थकवली तर उमेदवारी अर्जासोबतच्या नमुना २६ च्या शपथपत्रात तो आकडा लिहायचा, एवढंच.

अतिक्रमण. सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण केलं तर सरपंच कलम १४(१)(ज-३) खाली अपात्र. आमदारासाठी असं कलमच नाही. १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त झालेल्या अपत्यांची अट (ज-१) मध्ये आहे, तीही आमदाराला नाही.

निवडणूक खर्च. इथे तर आकडेच बोलतात. हिशेब मुदतीत दिला नाही तर ग्रामपंचायतीच्या उमेदवाराला कलम १४-ब खाली पाच वर्षं बंदी येऊ शकते. विधानसभेच्या उमेदवाराला कलम १०-अ खाली तीन. सात-नऊ सदस्यांच्या गावात थेट सरपंचाची खर्चमर्यादा हजारांत, विधानसभेची ४० लाख. लहान हिशेब चुकला तर मोठी शिक्षा.

याचा दोन पानी तक्ता करून ग्रामसभांमध्ये वाटायचा विचार आहे. चुका काढा, मोकळ्या मनाने काढा.

झाडीपट्टी_लेखन

भाऊ, मांडणी चांगली झाली. पण शिक्षेच्या परिच्छेदात एक गोष्ट राहिली, तिच्यावाचून तक्ता वाटू नका. कलम ८(१) मधल्या यादीतले गुन्हे, म्हणजे भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, नागरी हक्क संरक्षण कायदा, बलात्कार वगैरे, यांत आमदाराला दोन वर्षांची रेषा लागत नाही. भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात नुसता दंड झाला तरी सहा वर्षं अपात्र. आणि दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेत सुटकेनंतर सहा वर्षं बंदी, म्हणजे सरपंचाहून एक वर्ष जास्तच. जिथे आमदाराचं माप कडक आहे तिथे तसं लिहा. विरोधक पहिल्यांदा तेच दाखवतील आणि बाकीचा खरा तक्ताही खोटा पडेल.

१० जुलै २०१३ च्या लिली थॉमस निकालाने कलम ८(४) गेलं. आधी तीन महिन्यांत अपील केलं की पद टिकायचं, आता दोषसिद्धी झाली त्याच दिवशी जातं. आपल्याकडचंच बघा. नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या रोखे प्रकरणात २२ डिसेंबर २०२३ ला शिक्षा झाली आणि सावनेरची आमदारकी गेल्याची अधिसूचना दुसऱ्याच दिवशी निघाली. तिथे कायदा चालला. पण गुन्हा दाखल झाला होता २००२ मध्ये. अन्याय शोधायचा तर त्या एकवीस वर्षांत शोधा, शेवटच्या एका दिवसात नाही.

पांदणवाट

दुरुस्ती मान्य. तक्त्यात ‘आमदाराला कडक’ असा वेगळा रकाना घालतो. मनापासून आभार.

निवृत्त_गुरुजी

माझं मत थोडं वेगळं आहे. सरपंचाला कडक नियम असण्यात वावगं काय? गावची गायरान जमीन, गावचा कर आणि गावचाच ठेका त्याच्या हाताखाली असतो. ज्याच्या ताब्यात कोठी त्याच्यावर कुलूप. आमदाराच्या ताब्यात घरपट्टीचं रजिस्टर नसतं.

बाभूळबन

गुरुजी, कुलपाला हरकत नाही. कुलूप कोण बनवतं ते पाहा. ७३ व्या घटनादुरुस्तीने आलेलं कलम २४३-च पंचायत सदस्यांची अपात्रता ठरवायचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाला देतं. आमदारांची अपात्रता कलम १९१ प्रमाणे घटना आणि संसद ठरवते. म्हणजे दोन अपत्यांची अट, शौचालयाची अट, अतिक्रमणाची अट, हे सगळं आमदारांनी सरपंचासाठी केलेलं आहे. स्वतःसाठी करायला ते मोकळे नव्हते, हे खरं. पण यातली एखादी अट आम्हालाही लावा असा ठराव करून संसदेकडे पाठवायला कोणी अडवलं नव्हतं. दोन अपत्यांच्या अटीवर सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हरियाणाच्या प्रकरणात शिक्कामोर्तब केलं, तेव्हा खासदार-आमदारांना ती का नाही हा मुद्दाही मांडला गेला होता. वेगवेगळ्या संस्था, वेगवेगळे कायदे, त्यामुळे भेदभाव होत नाही, असं उत्तर मिळालं. कायद्याच्या भाषेत ते बसतं. चौथीतल्या पोराला समजावता येत नाही.

आणि ठेक्याचं कलम घ्या. आमदार निधीतल्या कामाची शिफारस आमदारच करतो. त्या कोठीला ‘अप्रत्यक्ष’ या शब्दाचं कुलूप का नको?

निवृत्त_गुरुजी

निधीचा मुद्दा पटला. तो तक्त्यात घ्या.

वऱ्हाडी_बोरू

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेळेचं माप. ग्रामपंचायत सदस्याविरुद्ध अर्ज आला तर कलम १६ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याने शक्यतो ६० दिवसांत निकाल द्यायचा. अर्ज कोणीही करू शकतो. आमदाराच्या पक्षांतराचा निकाल विधानसभा अध्यक्ष देतो, आणि घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, मुदतच लिहिलेली नाही. २१ जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरच्या प्रकरणात सर्वसाधारणपणे तीन महिने म्हटलं. आपल्या राज्यात पक्षफुटीनंतरच्या जून २०२२ च्या अर्जांचा निकाल १० जानेवारी २०२४ ला लागला, तोही न्यायालयाने तारीख बांधून दिल्यावर. दोन्ही गटांतल्या एकाही आमदाराचं पद गेलं नाही. ३१ जुलै २०२५ ला तेलंगणाच्या प्रकरणात पुन्हा तीन महिन्यांचाच आदेश द्यावा लागला. आणि अध्यक्ष निवडून येतो बहुमताच्या पक्षाकडूनच. सरपंचाचा निकाल निदान त्याच्या विरोधी पॅनेलच्या माणसाकडे देत नाहीत.

शिवाय आमदाराला मुदतीच्या आत परत बोलवायची सोयच नाही. सरपंचावर कलम ३५ चा अविश्वास आहे, कलम ३९ खाली विभागीय आयुक्ताकडून काढणं आहे. थेट निवडून आलेल्या सरपंचाला पहिली दोन वर्षं आणि शेवटचे सहा महिने अविश्वासापासून संरक्षण आहे, नंतर तीन चतुर्थांश सदस्य आणि वर ग्रामसभेचं गुप्त मतदान लागतं. ती सोय चांगली आहे, राहू द्या. पण जबाबदारी एकाच टोकाला का?

सातबारा_ताई

तत्त्वाचं बोलणं झालं, आता ज्यांना नोटीस येते त्यांच्या कामाचं लिहिते. पुष्कळ पदं (ज-३) वर, म्हणजे अतिक्रमणावर जातात, म्हणून त्यावर जरा सविस्तर.

आधी जमीन कोणती ते पक्कं करा. वऱ्हाडात जिला ई-क्लास म्हणतात ती सरकारी जमीन. आबादीतली, म्हणजे गावठाणातली जागा वेगळी, पांदण रस्ता वेगळा, नझूल वेगळी. नागपूर विभागाच्या सहा जिल्ह्यांत झुडपी जंगल हा आणखी एक पेच आहे. कित्येक घरं आणि शाळा त्या नोंदीच्या जमिनीवर उभ्या आहेत. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ती जमीन १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाप्रमाणे वनच ठरवली. त्या तारखेआधी सक्षम अधिकाऱ्याने दिलेला पट्टा असेल तर त्याची प्रमाणित प्रत आजच काढून ठेवा, नोटिशीची वाट पाहू नका.

कागद चार लागतात. गटाचा सातबारा. पटवाऱ्याकडचा गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, त्यात नाव आहे की नाही ते पाहायचं. ग्रामपंचायतीचा नमुना ८, त्यात मालकाचा रकाना आणि भोगवटादाराचा रकाना वेगवेगळे वाचायचे. आणि भूमि अभिलेखची मोजणी, तिची क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा.

इथेच घोळ होतो. लोक नमुना ८ घेऊन जातात आणि म्हणतात, साहेब, मी तर घरपट्टी भरतो. नमुना ८ कर आकारणीचा आहे, मालकीचा नाही. अतिक्रमणातल्या घरालाही कर लागतो. उलट ‘मालक शासन, भोगवटादार अमुक’ अशी नोंद असेल तर तुमच्याच हाताने पुरावा दिला जातो.

दुसऱ्या बाजूलाही तितकीच कच्ची कामं असतात. अर्जदार सचिवाचा पाहणी अहवाल जोडतो, त्यात लिहिलेलं असतं ‘अंदाजे तीन फूट रस्त्यात’. मोजणी नाही, खुणा नाहीत, सदस्याला हजर राहायची सूचना नाही. लेखी उत्तरात पहिली मागणी हीच करा की भूमि अभिलेख कार्यालयाकडून दोन्ही पक्षांसमोर मोजणी व्हावी. तोंडी सांगितलेलं रोजनाम्यावर येत नाही. मागणी लेखी, आणि प्रतीवर आवक शिक्का घ्या.

नोटीस आल्यावर रातोरात ओटा फोडू नका. पंचनाम्यात ताज्या तोडकामाची नोंद होते आणि ती कबुलीसारखी वाचली जाते.

निवासी अतिक्रमण नियमित करायचं सरकारी धोरण १ जानेवारी २०११ पूर्वीच्या घरांना आहे. पण नियमित करायचा अर्ज म्हणजे नियमित झाल्याचा आदेश नाही. आदेश हातात असेल तरच त्याचा आधार. वनहक्काचा दावा असेल (१३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा) तर दाव्याची पोच आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. पडताळणी संपेपर्यंत त्या जमिनीवरून काढता येत नाही, हे वनहक्क कायद्याच्या कलम ४(५) मध्ये आहे.

शेवंता

ताई, घर सासऱ्याच्या नावचं, अतिक्रमण त्यांच्या काळातलं, आणि सून महिला राखीव जागेवर सरपंच. तिनं काय करावं जी?

सातबारा_ताई

शेवंताबाई, हा प्रश्न विदर्भातल्या निम्म्या गावांचा आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं की ज्याने मुळात अतिक्रमण केलं तोच अपात्र, घरचे नाहीत. २०१८ च्या जनाबाई प्रकरणात तीन न्यायाधीशांनी ते फिरवलं. अतिक्रमणाच्या जागेत राहून ते पुढे चालू ठेवणाराही अपात्र. त्यामुळे ‘सासऱ्याने केलं’ एवढं उत्तर आता पुरत नाही.

काय चालतं? ती त्या घरात राहते का, हा मुद्दा. रेशनकार्ड, मतदार यादी, वीजबिल, स्वतंत्र राहत असेल तर त्या घराचा नमुना ८ किंवा भाडेचिठ्ठी. राहत नसेल तर हे सगळं पहिल्याच उत्तराबरोबर द्यायचं, अपिलात प्रथम दिलं तर मागाहून जमवलं असं म्हणतात. राहत असेल तर मोजणी आणि जमिनीचा प्रकार हीच लढाई.

२७ सप्टेंबर २०२४ चा जळगाव जिल्ह्यातल्या महिला सरपंचाचा निकाल उत्तराला जरूर जोडा. सासूसोबत सरकारी जमिनीवरच्या घरात राहते असा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता रद्द केली, आणि निवडून आलेल्या महिलेला काढायची बाब अधिकाऱ्यांनी इतकी सहज घेऊ नये असं सुनावलं. तो निकाल जनाबाईला खोडत नाही. पण तपास न करता पद काढू नका, हे त्यातून ठामपणे मांडता येतं.

कर_पावती

घरपट्टीचं मी सांगतो. (ह) मध्ये तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: मागणी, बिल रीतसर बजावणं आणि तीन महिने उलटणं. तिन्ही. त्यामुळे अर्जदाराचाही, सदस्याचाही सगळा खेळ नमुना ९-क वर, म्हणजे मागणी बिलावर. माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून नमुना ९, ९-क ची स्थळप्रत आणि बजावणीची पोच मागा. दारिद्र्यरेषेखाली असाल तर फी नाही. तीस दिवसांत मिळायला हवं.

बिघडतं ते असं. बिल शिपायाने दिलं, सही घेतली नाही. किंवा सही घेतली, तारीख टाकली नाही, मग तीन महिने मोजायचे कुठून? किंवा बिल बापाच्या नावाने आणि सदस्य मुलगा. इथे सावध राहा: एकत्र कुटुंबात एकाने कर थकवला तरी सगळे अपात्र धरले जातात, तसं स्पष्टीकरण कलमातच आहे. वाटणी झालेली असेल तर नमुना ८ वर वेगळी नोंद करून घ्या. पावती नमुना १० चीच घ्या, वहीच्या पानावरची सही चालत नाही. नामनिर्देशनाच्या आधी थकबाकी भरली तर त्या थकबाकीवरून अपात्रता येत नाही.

खर्चाचं थोडक्यात. निकालापासून तीस दिवसांत हिशेब, हरलेल्यांनीही द्यायचा. पोच जपून ठेवायची. उशीर झाला असेल तर कारण आणि कागद, उदाहरणार्थ दवाखान्याची भरती, नोटिशीच्या उत्तरात लिहायचं. १४-ब मध्ये ‘सबळ कारण नसेल तर’ हे शब्द आहेत, आणि मुदत कमी करायचा अधिकारही आहे. पण तो मागावा लागतो.

वऱ्हाडी_बोरू

अपिलाचं कोणीच लिहिलं नाही. जिल्हाधिकाऱ्याच्या निर्णयावर १५ दिवसांत विभागीय आयुक्ताकडे, म्हणजे अमरावती किंवा नागपूरला. जिल्हाधिकाऱ्याचा निकाल लागेपर्यंत पद शाबूत असतं, निकाल लागला की गेलं. अपील दाखल केलं म्हणून स्थगिती आपोआप मिळत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा, त्याच दिवशी, आणि त्यात पोटनिवडणुकीचा कार्यक्रम लावू नये अशी विनंती. पुढे उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. बहुतेक जण पंधरा दिवस निकालाची प्रत मिळवण्यात घालवतात. निकालाच्या दिवशीच प्रमाणित प्रतीचा अर्ज टाका.

आमदाराला हेच करायला वकिलांची फळी असते. मजुरी बुडवून अमरावतीच्या चकरा मारणाऱ्या सरपंचबाईला पंधरा दिवस म्हणजे तीन बाजार. माप वेगळं आहे ते इथेही आहे, कलमात दिसत नाही एवढंच.

झाडीपट्टी_लेखन

तक्ता छापण्याआधी लिहिणाऱ्यांसाठी दोन शब्द. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद आहे. नुसतं ‘खरं आहे’ पुरत नाही, खरं आणि लोकहिताचं, दोन्ही लागतं. म्हणून तक्त्यात कोण्या स्थानिक माणसाचं नाव नको. कलम, आकडा, निकालाची तारीख, एवढंच. प्रत्येक ओळीपुढे ती कोणत्या कागदावरून घेतली ते स्वतःच्या प्रतीवर लिहून ठेवा. आणि छापायच्या आधी तिघांनी वाचावं: एकाने कलमं ताडावी, एकाने आकडे, एकाने फक्त भाषा. एकट्याने लिहिलेल्या पत्रकात चूक राहते आणि एकट्यालाच नोटीस येते.

पांदणवाट

मंडळी, सुधारलेला तक्ता तयार झाला. आभार मानायचे आहेत ते नाव घेऊनच मानतो, मोघम नाही.

कलम ८(१) ची दुरुस्ती झाडीपट्टीभाऊंची. ती नसती तर पहिल्याच ग्रामसभेत कागद फाडला गेला असता, आणि फाडणारा बरोबर असता. आमदार निधीची ओळ बाभूळबन आणि गुरुजींच्या वादातून आली. गुरुजी, तुम्ही विरोधात बोललात म्हणून तो मुद्दा धारदार झाला. ६० दिवसांसमोर अध्यक्षांचे दीड वर्ष, ही ओळ वऱ्हाडी_बोरूंची. ती सगळ्यात वर ठेवली आहे. सातबारा ताईंचं चार कागदांचं टिपण तर मागच्या पानावर जसंच्या तसं छापतोय, त्यातला शब्द बदलायची माझी हिंमत नाही. शेवंताबाईंनी प्रश्न विचारला नसता तर जनाबाई निकाल राहूनच गेला असता. कर_पावती काकांची ‘तिन्ही सिद्ध व्हाव्या लागतात’ ही ओळ ठळक केली आहे.

फुकट, आपल्या वेळातून, कोण्या पदाच्या आशेविना तुम्ही हे केलं. ज्या बाईला हा कागद वाचून पहिल्या नोटिशीला नीट उत्तर देता येईल तिला तुमची नावं कळणार नाहीत. मला माहीत आहेत, आणि मी विसरणार नाही.

कर_पावती

आभार पोचले भाऊ. एक राहिलं: राखीव जागेवर निवडून आलेल्यांची जात वैधता. कलम १०-१अ. मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर निवड मागच्या तारखेपासून रद्द. आधी सहा महिने होते, नंतर मुदत वाढवली. आपल्या निवडणुकीला कोणती मुदत लागू आहे ते निवडणूक अधिसूचनेवरून पाहायचं, शेजारच्या गावावरून नाही. राखीव मतदारसंघातल्या आमदाराच्या जातीवर आक्षेप असेल तर निवडणूक याचिका ४५ दिवसांत करावी लागते, कोणी केली नाही तर विषय संपला. हेही एका ओळीत घ्या.

पांदणवाट

घेतो. दुसऱ्या पानावर तीन ओळींची जागा आहे. नमुना ९-क च्या पोचेवर काय काय लिहून घ्यायचं त्याचा मसुदा तुम्हीच द्या काका, तो तिथेच बसवतो.

कर_पावती

बिल क्रमांक, घर क्रमांक, कोणत्या वर्षाचा कर, रक्कम, कोणाच्या हाती दिलं, सही किंवा अंगठा, तारीख, आणि अंगठा असेल तर दोन साक्षीदार. घ्यायला कोणी तयार नसेल तर पंचनामा करून दाराला चिकटवलं अशी नोंद, पंचांच्या सह्यांसह. एवढं.